चांगल्या बातम्यांचे दिवस

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही नातीनं दिली. म्हणाली, "आजी, तू फोनवर मला तासभर जे सांगतेस ना, त्यातलं अर्धं हिला सांग. माझी परीक्षा आहे." उद्धट आहे कार्टी, पण वही जाड पानांची आणली. म्हणजे जीव आहे.

माझं शिक्षण चौथी. पाचवीच्या वर्गाचं दार बाहेरून पाहिलंय. अक्षर मोठं येतं आणि ओळी पान सोडून पळतात. पण आमच्या घरात लिहिता-वाचता येणारा माणूस एकच पुरे होता. हे छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासायचे. म्हणजे छापायच्या आधी कागदावरच्या चुका शोधायच्या. यांच्या नजरेतून वेलांटीसुद्धा निसटायची नाही, मग माझ्यासारखी बायको काय निसटणार!

लग्न झाल्यापासून आमचा एक नेम आहे. सकाळी मी भाजी चिरत बसते आणि हे मला पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात. हातात लाल पेन्सिल. एकीकडे वाचायचं, एकीकडे छापखानेवाल्यांच्या चुकांना गोल करायचा. किराणा सामानाची यादीसुद्धा यांनी अशीच तपासलेली. एकदा मी लिहिलेला साबण खोडला आणि मग त्या खोडलेल्या शब्दाखाली ठिपके दिले. दुकानदार ठिपके घेऊन आमच्या घरी आला, हे काय म्हणून विचारायला. खाली ठिपके दिले की समजायचं, खोडलं ते चुकून, आहे तसं राहू दे. दुकानदाराला एवढं कुठून माहीत असणार? पण साबण आला.

आज एवढंच. हात दुखला.

५ फेब्रुवारी, बुधवार

स्वयंपाकघरातला नळ अजून टपकतोय. नळवाला म्हणतो, "येतो आजी, संध्याकाळी येतो." कुठल्या वर्षीच्या संध्याकाळी, ते सांगत नाही.

पण नळाचं दुखणं सोसवतं. भिंतीचं नाही सोसवत. वहीला सांगते, कारण वही कोणाला सांगणार नाही. बाहेरच्या खोलीचा रंग वांग्यासारखा आहे. चांगल्या काळ्या-जांभळ्या वांग्यासारखा. गेल्या वर्षी रंगारी रंगांच्या चौकोनांचा कागद घेऊन आला तेव्हा यांनीच एका चौकोनावर अंगठा ठेवून सांगितलं, "हाच." मला सायीचा रंग हवा होता. पण इतक्या थाटात माणूस "हाच" म्हणतो, तेव्हा मध्ये कसं बोलायचं? तेरा महिने झाले. दिवसा दिवा लावून बसते. आणि हे काय म्हणतात? "खोली कशी सायीसारखी दिसते, नाही?" आपल्या नवऱ्याला साय कशाला म्हणतात ते ठाऊक नाही, हे कळायला मला पन्नास वर्षं लागली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रेडिओ पडला. यांनी पहाटे ऐकून झाल्यावर फळीवर ठेवला, म्हणजे फळी संपते त्याच्या चार बोटं पुढे ठेवला. तिथं हवा होती. आवाज ऐकून मी आंघोळ अर्धी टाकून आले.

"अहो, फळी इकडे आहे!"

"मला माहीत आहे फळी कुठे आहे. तूच हलवली असशील."

भिंतीत ठोकलेली फळी मी हलवली म्हणे. आता म्हातारपणी ही ताकद आली मला!

हल्ली हे पहाटे उठून कानाला रेडिओ लावून बातम्या ऐकायचे. मग थोड्या वेळानं मला पेपर वाचून दाखवायचे. मी म्हणायचे, एकच बातमी दोनदा कशाला? तर म्हणे, तुलना करायची असते. शिकलेल्या माणसाचं सगळंच वेगळं. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे दिला. तो म्हणाला दोन दिवस. बघू.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस काही झाले नाहीत रेडिओवाल्याचे. पण एक गंमत सांगते. रेडिओ बिघडला आणि जग सुधारलं!

खरंच. आज यांनी वाचून दाखवलं की दोन देश कितीतरी वर्षं भांडत होते, त्यांच्या पुढाऱ्यांनी एकत्र बसून चहा घेतला आणि सीमेवरचं तारेचं कुंपण काढायला माणसं लावली. काढलेल्या तारांवर दोन्हीकडच्या बायका कपडे वाळत घालणार आहेत. मी म्हटलं, पोरींना अक्कल असते, पुरुषांना उशिरा येते. काल वाचलं की डासांवर असं औषध निघालंय की डास मरत नाहीत, नुसते दुसऱ्या गावी जातात. परवाचं तर विसरले, पण तेही चांगलंच होतं.

आणि लाल पेन्सिल हातातच नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले, "हल्ली चुकाच नसतात गं. छपाई फार सुधारलीय."

मला इतकं बरं वाटलं! आयुष्यभर त्या चुकांवर चिडला हा माणूस. आता म्हातारपणी तरी सुखानं वाचू दे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज लाजले मी, एकाहत्तराव्या वर्षी. ही वही टेबलावर उघडी राहिली होती. हे आले, उचलली, डोळ्यांजवळ धरली, पान उलटलं. आता लाल पेन्सिल निघणार. वर भिंतीबद्दलही लिहिलंय त्यात!

तर म्हणाले, "छान लिहितेस. एकही चूक नाही."

एकही चूक नाही! चौथी पास बाईला! चौतीस वर्षं ज्यांनी मोठमोठ्या लेखकांना रडवलं, त्यांनी! आणि भिंतीबद्दल अवाक्षर नाही. मोठ्या मनाचा माणूस. उगाच नावं ठेवली मी.

आनंदात दूध उतू गेलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आजची बातमी लिहूनच ठेवते. एका विधवा बाईचं शिवणयंत्र चोरीला गेलं. आठ दिवसांनी चोरानं रात्रीतून परत आणून ठेवलं, तेल घालून. आणि चिठ्ठी, की "पायपट्टा सैल होता तो घट्ट केलाय." माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. समोरच्या नर्सबाईंना सांगितलं, तर त्या म्हणतात, "आमच्या पेपरात नव्हती हो ही." मी म्हटलं, पेपर बदला.

नर्सबाई आता निवृत्त आहेत, पण सवय जात नाही, माणूस दिसला की मनगट धरतात. त्यांच्या थोरल्या भावाचं फार वाईट झालं. भलत्याच गोष्टी सांगायला लागला. मेलेली माणसं भेटून गेली म्हणायचा. शेवटी बहिणीलाच विचारायला लागला, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

यांनी आज शर्टाची बटणं वरखाली लावली होती आणि चहा कपाच्या शेजारी ओतला. पुसणार कोण? मी.

१ मार्च, शनिवार

आनंदाची बातमी! येत्या सोमवारपासून सत्तरीच्या पुढच्यांना बस फुकट. नुसतं वय सांगायचं, कागद नको. "आणि खिडकीची जागा राखून," हे म्हणाले. मी सोमवारी नक्की जाणार. कुठे ते ठरलं नाही, पण जाणार.

३ मार्च, सोमवार

कसं लिहू. लिहिते.

बसमध्ये चढले. खिडकीत एक धडधाकट मनुष्य बसलेला. त्याला उठवलं. म्हटलं, "ही माझी जागा, आजपासून." उठला बिचारा. कंडक्टर आला. मी म्हटलं, "एकाहत्तर." तो म्हणाला, "कसले एकाहत्तर?" "वय," मी म्हटलं.

"अभिनंदन आजी. तिकीट?"

"आजपासून फुकट आहे आम्हाला. पेपरात आलंय. तुम्ही पेपर वाचत नाही का?"

"वाचतो की. आजच्या पेपरात तर आमचा पगार थकल्याचं आलंय."

सगळी बस हसली. मी म्हटलं, "माझ्या मालकांनी वाचलंय. चौतीस वर्षं प्रुफं तपासलीत त्यांनी! त्यांना खोटं छापलेलं चालत नाही." कंडक्टर भला होता. म्हणाला, "असेल आजी. आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो," आणि तिकीट न देताच पुढे गेला. खिडकीतून उठवलेला माणूस माझ्याकडे अशा दयेनं बघत होता की मी पुढच्याच थांब्यावर उतरले आणि चालत घरी आले.

घरी येऊन शनिवारचा पेपर काढला. चष्मा लावला, बोट ठेवून वाचायला बसले. पहिल्या पानापासून हवामानापर्यंत. दुपार गेली. बस कुठेच नाही. मग सोळा तारखेपासूनचे सगळे अंक काढले. कुंपण नाही. डास नाही. शिवणयंत्र नाही. होतं ते सगळं आग, अपघात, मारामाऱ्या.

म्हणजे हे जे वाचतात ते कागदावर नाहीच. मग कुठून येतं?

नर्सबाईंच्या भावाची आठवण झाली. फळी हलवली म्हणतात. कपाच्या शेजारी चहा ओततात. वांग्याला साय म्हणतात. सगळं एका माळेत आलं.

यांना काही बोलले नाही. काय बोलू?

६ मार्च, गुरुवार

गुपचूप परीक्षा घेतली. भाजी चिरता चिरता, सहज विचारल्यासारखं.

"अहो, आपलं लग्न कितव्या वारी झालं?"

"गुरुवारी. आणि तुझ्या मामानं माझी चप्पल घालून नेली."

"मुलगा जन्मला तेव्हा वजन किती?"

"सहा पौंड. तू सगळ्यांना सात सांगतेस."

छापखान्यातल्या सात यंत्रांची नावं विचारली, ती आठ सांगितली आणि सातवं कोणत्या साली विकलं तेही. मग वैतागून म्हणाले, "आज काय, मुलाखत आहे का माझी? नोकरी देणार आहेस?"

डोकं तर माझ्यापेक्षा लख्ख आहे. मग खोटं का सांगतात? माझ्याशी? की मला वेडी समजतात, हिला काय कळतंय म्हणून? रात्री जेवण गेलं नाही. मन वैरी असतं ते काही उगाच नाही म्हणत.

९ मार्च, रविवार

तोंडानं विचारायचा धीर होईना, म्हणून लिहून विचारायचं ठरवलं. वहीतलं एक पान फाडलं. टप्पोऱ्या अक्षरात लिहिलं, "तुम्ही मला खोट्या बातम्या का वाचून दाखवता? तुम्हाला काही होतंय का? मला सांगा. मी रागावणार नाही." घडी न करता पेपरच्या पहिल्या पानावर ठेवलं, बरोब्बर मध्यावर. आणि विळीवर येऊन बसले. दुधी होता. त्याची साल किती जाड काढली ते माझं मला माहीत.

हे आले. बसले. पेपर उचलला, तेव्हा चिठ्ठी नेमकी अंगठ्याखाली आली. चिठ्ठीवर नाक टेकेल इतकी मान खाली घातली. घसा खाकरला. आणि वाचायला लागले.

"मंडईवर नवं छप्पर बसणार. पावसाळ्यात भाजीवाल्यांना त्रास होऊ नये म्हणून..."

माझं पान यांच्या नाकासमोर होतं. माझी टप्पोरी अक्षरं. हे अंगठ्यानं माझं "रागावणार नाही" दाबून मंडईचं छप्पर वाचत होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पेन्सिल. बटणं. फळी. "एकही चूक नाही." अगं बाई, या माणसाला दिसतच नाही!

खरं सांगते, मला काय वाटलं? वाईट वाटायला हवं होतं. पण मी विळीवरून उठले आणि मनातल्या मनात नाचले. डोळेच ना! नुसते डोळे! डोकं जागेवर आहे, मी जागेवर आहे, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात" असं कोणी मला विचारणार नाही. मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले. हे गोंधळले. "मंडईच्या छपरात रडण्यासारखं काय आहे?" म्हणाले.

मी जवळ जाऊन चिठ्ठी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मोठ्यानं वाचली. अडखळत. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी यांना काही वाचून दाखवलं.

यांनी पेपरची नीट घडी घातली. नळ टपकत होता.

मग म्हणाले, "दीड वर्ष झालं. आधी धुकं होतं. आता पांढरं." रेडिओवर ऐकून पेपरात बघून वाचल्यासारखं करायचे. रेडिओ पडला आणि बातम्या संपल्या. "मग म्हटलं, बनवायच्याच आहेत तर वाईट कशाला बनवू?"

१० मार्च, सोमवार

नर्सबाईंना बोलावलं. यांच्या डोळ्यांत विजेरी मारून म्हणाल्या, "मोतीबिंदू हो, दोन्हीकडे. चांगला पिकलाय. अर्ध्या तासाचं काम." डॉक्टरीणबाईंचं नावही दिलं.

पण हे ऐकेनात. यांच्या वडिलांचा डोळा कापला होता, फार जुन्या काळी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठवडाभर पडून होते आणि शेवटी डोळा गेलाच. हे तेव्हा लहान होते, वडिलांना पाणी पाजायचे. "पांढरं दिसतं तेवढं पुरे," म्हणाले. "काळं नको."

समजावलं. रागावले. नातीला फोन लावून दिला, ती ओरडली. भिंत बरी. भिंतीचा निदान रंग तरी बदलता येतो.

१२ मार्च, बुधवार

सांगणार नव्हते, पण आज सांगितलं बसचं. सगळं. खिडकी, एकाहत्तर, पगार थकल्याचं.

आधी हसले. पोट धरून. मग हसू आवरलं.

"तू भर बसमध्ये माझं नाव घेऊन भांडलीस?"

"मग! म्हटलं, यांना खोटं छापलेलं चालत नाही."

हे उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले, जणू काही दिसतंय तिथलं. म्हणाले, "चौतीस वर्षांत माझ्या हातून एक चूक छापली गेली होती. मेलेल्या माणसाच्या जागी जिवंत माणसाचं नाव. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच्या घरी गेलो होतो दुरुस्ती घेऊन." मग थोड्या वेळानं, "वाचणाऱ्याला तोंडघशी पाडलं की दुरुस्ती द्यावी लागते. घे त्या डॉक्टरीणबाईंची वेळ."

म्हणजे मी पन्नास वर्षांची बायको आहे म्हणून नाही. वाचक आहे म्हणून. चालेल! मला कसंही चालेल.

२४ मार्च, सोमवार

आज उजवा डोळा झाला. नात परीक्षा संपवून आली, तिनंच धरून नेलं. मी बाहेर बाकावर. समोर डोळ्याचं मोठं चित्र, कांद्यासारखं कापलेलं. तिकडे बघवेना म्हणून जमिनीच्या फरश्या मोजल्या. हे आत जाताना माझा हात इतका घट्ट धरून होते की बांगडीचा वळ उठला. "वाळूच्या पिशव्या लावतील का गं?" असं हळूच विचारलं. शहात्तर वर्षांचा माणूस.

बावीस मिनिटांत बाहेर. पट्टी लावून, चालत. म्हणाले, "एवढंच?" जणू काही सिनेमा लवकर संपला.

माझ्या फरश्या अजून मोजून व्हायच्या होत्या.

२५ मार्च, मंगळवार

पट्टी निघाली! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय दिसतंय?" तर हे म्हणाले, "तुमच्या मागच्या पाटीवर 'शांतता' जरा तिरकी लावलीय."

मी तिथंच नातीला धरून खाली बसले.

पण खरी मजा घरी. दार उघडलं, हे आत आले आणि उंबरठ्यातच थिजले.

"हे काय आहे?"

"काय?"

"ही भिंत! हे कोणी केलं माझ्या घराचं?"

"तुम्हीच. 'हाच' म्हणालात. अंगठा ठेवून."

"मी सायीच्या रंगावर ठेवला होता अंगठा!"

"वांग्यावर ठेवला होता."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला आवडतो."

"मला! हा!" भिंतीला हात लावून बघितला, खोटा तर नाही. "अगं, चौदा महिने मी समजत होतो, माझे डोळे दिवसेंदिवस अंधारत चाललेत. निम्मा अंधार या भिंतीचा होता!"

नात जमिनीवर लोळून हसली. आम्हीही. म्हणजे दोघांनाही सायच हवी होती, आणि दोघंही एकमेकांसाठी वांग्यात राहिलो.

८ एप्रिल, मंगळवार

वाचायचा चष्मा डोळा बरा झाल्यावर मिळणार. तोवर पेपर मी वाचते आणि हे भाजी चिरतात. गाजराचे तुकडे सगळे एका मापाचे, जणू छापायला द्यायचेत. नळवाला आला एकदाचा. नळ गप्प झाला. रेडिओही आला, पण आता त्याला कोण विचारतंय.

वाचताना माझी गाडी हळू. जोडाक्षर आलं की थांबते. आणि बातम्या अशा, की नको वाटतं. आज एक घर जळाल्याची होती, लहान पोरांची. ती मी गिळली आणि त्या जागी सांगितलं, की एका गावात सगळ्यांनी मिळून एका म्हातारीचं घर शाकारून दिलं.

हे गाजर चिरत म्हणाले, "हे छापलेलं नाही."

"तुम्हाला काय माहीत? दिसतंय का इथून?"

"नाही. पण वाचताना तू एकदाही अडखळली नाहीस."

२७ एप्रिल, रविवार

काल नवा चष्मा आला. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात, पण यांना आता भीतीच नाही, स्वतःच तारीख मागितली. उद्या रंगारी येणार. या वेळी अंगठा मी ठेवणार.

सकाळी उठले तर टेबलाशी हे बसलेले. पुढ्यात पेपर नाही. ही वही! आणि हातात लाल पेन्सिल.

मी म्हटलं, "अहो, ती खाजगी असते."

"असते. पण चुका सगळ्यांच्या."

मी पाहिलं. पहिल्या पानावरच लाल गोलांचं पीक. अगदी गोवर उठल्यासारखं पान! "एकही चूक नाही" असं ज्या पानावर लिहिलं होतं, त्याच पानावर एकोणीस. कोणाला खरं वाटणार नाही, पण ते लाल गोल बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा त्या दिवशीच्या कौतुकानं झाला नव्हता. यांना माझी प्रत्येक चूक दिसत होती. प्रत्येक!

भिंतीच्या पानाच्या कडेला लिहिलंय, "मान्य."

मग पुढची पानं उलटली. तारेच्या कुंपणावरचे कपडे. गाव सोडून जाणारे डास. तेल घातलेलं शिवणयंत्र. खिडकीची जागा. त्या प्रत्येक बातमीवर यांनी आधी लाल रेघ मारली होती, सरळ, पट्टी लावल्यासारखी. खोटं ते खोटं, खोडलंच पाहिजे.

आणि प्रत्येक रेघेखाली, शब्दाशब्दाखाली, बारीक ठिपके दिले होते.